लॉगिन अडकतंय म्हणून आणखी सर्व्हर लावताय? आधी कोण दमलंय ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातला एक समूह आहे. साखर कारखाना, दोन कॉलेजं, पतसंस्था आणि दूध संकलन हे सगळं एकाच छत्राखाली. मिळून साधारण १४ हजार खाती. सगळ्यांच्या लॉगिनसाठी एकच कीक्लोक (लॉगिन सांभाळणारी प्रणाली), तोही चार कोअरच्या एका व्हीएमवर, म्हणजे आभासी यंत्रावर. मागे ओपनएलडॅप (खात्यांच्या नोंदींची डिरेक्टरी) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). सकाळी ८ ला कारखान्याची पाळी बदलते तेव्हा आणि १० ला ऑफिसं उघडतात तेव्हा लॉगिनचं पान अर्धा-पाऊण मिनिट नुसतं फिरत राहतं. सीपीयू मात्र ३० टक्क्यांच्या वर जात नाही. व्यवस्थापनाने आणखी दोन सर्व्हर मंजूर केलेत. किती लावावेत, कसे लावावेत आणि गाळप सुरू व्हायच्या आत हे होईल का, असं विचारलंय.

थेट उत्तर आधी देतो. एकच वाढवा, दोन नकोत. आणि त्याने सकाळचा खोळंबा जाईल ही आशा ठेवू नका. दुसरा इन्स्टन्स, म्हणजे कीक्लोकची दुसरी चालू प्रत, तुम्हाला नक्की हवा, पण पहिला बंद पडला तरी वजनकाट्यावरचं काम थांबू नये म्हणून. खोळंब्याचं दुखणं दुसरीकडे आहे, आणि ते न शोधता सर्व्हर वाढवला तर खोळंबा वाढतोसुद्धा. सांगलीत माझ्या हातून हे एकदा झालंय, ते पुढे सांगतो.

आधी हिशेब करू. समजा १० च्या सुमारास पंधरा मिनिटांत ६ हजार लोक लॉगिन करतात. ९०० सेकंदांत ६ हजार म्हणजे सेकंदाला सातसुद्धा नाहीत. पण माणसं अशी समान अंतराने येत नाहीत, घड्याळात दहा वाजले की सगळी एकदम येतात. म्हणून धरू की पहिल्या तीन मिनिटांतच २ हजार आली. तरी सेकंदाला ११ झाली. कीक्लोकच्या अधिकृत मार्गदर्शिकेतला ठोकताळा सांगतो की सेकंदाला १५ पासवर्ड-लॉगिनमागे एक व्हीसीपीयू (आभासी कोअर) धरावा. म्हणजे तुमची सगळ्यात वाईट सकाळसुद्धा एका कोअरचं काम आहे आणि तुमच्याकडे चार आहेत. तुम्ही दिलेला ३० टक्क्यांचा आकडा हेच सांगतोय. यंत्र दमलेलं नाही, ते कुणाची तरी वाट पाहतंय.

वाट पाहण्याचं गणित सोपं आहे, पण ते कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. सेकंदाला ११ माणसं येतात आणि प्रत्येकासाठी मागच्या एलडॅपकडून उत्तर यायला ४ सेकंद लागतात, तर कुठल्याही क्षणी ४४ विनंत्या दारात उभ्या असतात. तेच उत्तर पाव सेकंदात आलं तर तीनच उभ्या राहतील. यंत्र तेच, माणसं तीच. काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते तेव्हा आपण दरवेळी नवा काटा बसवत नाही. आधी वजनाला वेळ लागतोय की स्लिप निघायला, ते बघतो. इथेही तसंच बघायचं.

बघायचं कसं, ते सांगतो. उद्या सकाळी दहाला पाच मिनिटं असताना सर्व्हरवर बसा. लॉगिन अडकायला लागलं की कीक्लोकच्या जावा प्रोसेसचा थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड (कामाचा धागा) कुठे उभा आहे याची नोंद, जेस्टॅक या साधनाने घ्या. दहा सेकंदांनी दुसरा, आणखी दहा सेकंदांनी तिसरा. तिन्ही फायलींत 'एक्झिक्युटर-थ्रेड' या नावाचे थ्रेड शोधा आणि प्रत्येकाच्या वरच्या पाच-सहा ओळी वाचा. बहुतेक थ्रेड एकाच जागी उभे दिसतील. एलडॅपच्या क्लासमध्ये उभे असतील तर दुखणं डिरेक्टरीत. कनेक्शन पूलमधून (डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातून) कनेक्शन मिळण्याची वाट पाहत असतील तर डेटाबेसकडे. आणि पासवर्ड हॅशिंगच्या (पासवर्ड उलटा उलगडता न येणाऱ्या रूपात बदलण्याच्या) कोडमध्ये खरोखर धावत असतील, तरच तुमचा सीपीयू दमलाय आणि तरच इन्स्टन्स वाढवल्याने वेग वाढेल.

शेवटच्या शक्यतेला हलकं घेऊ नका, कारण तुमच्याकडे कॉलेजं आहेत. कर्मचाऱ्यांचा पासवर्ड एलडॅप तपासत असेल तर हॅशिंगचं ओझं कीक्लोकवर पडत नाही. विद्यार्थ्यांची खाती मात्र बहुधा थेट कीक्लोकच्या डेटाबेसात असतील, आणि निकालाच्या दिवशी ती सगळी एकदम येतात. कीक्लोकच्या २४ व्या आवृत्तीत पीबीकेडीएफ२ या हॅशिंग पद्धतीच्या फेऱ्या २ लाख १० हजारांवर गेल्या आणि २५ पासून आर्गॉन२ ही दुसरी पद्धत आली. हॅशिंग मुद्दामच जड ठेवलेलं असतं. चोराच्या हाती डेटाबेस लागला तरी एकेक पासवर्ड फोडताना त्याचा घाम निघावा, हाच त्यामागचा हेतू. तो घाम थोडा आपल्यालाही गाळावा लागतो. शिवाय आवृत्ती बदलल्यानंतर जुन्या पद्धतीचा हॅश प्रत्येकाच्या पुढच्या लॉगिनला नव्याने बनतो, त्यामुळे अपग्रेडनंतरचे काही दिवस सीपीयू चढलेला दिसतो. निकालाच्या दिवसाचा सीपीयूचा आलेख तुमच्याकडे असेल तर तो आत्ताच काढून बघा. तो ८०-९० टक्क्यांना टेकला असेल तर दुसऱ्या इन्स्टन्सचा वेगासाठीही उपयोग होईल.

आता सांगलीतली गोष्ट. संस्थेचं नाव घेत नाही, पण रचना तुमच्यासारखीच होती. शाखा बऱ्याच, डिरेक्टरी एक, लॉगिनचा सर्व्हर एक. सकाळी लॉगिन अडकायचं. मला तेव्हा घाई होती, वरून दबाव होता, आणि दुसरं व्हीएम उभं करणं हे दोन तासांचं काम होतं. केलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आधी अर्धं मिनिट लागणारं लॉगिन सव्वा मिनिटावर गेलं. हळद बाजारातल्या शाखेतून फोन आला की सौद्याची वेळ झाली, व्यापारी काउंटरवर उभे आहेत आणि पडद्यावर चाक फिरतंय.

झालं असं होतं. लॉगिन करताना कर्मचारी आपला सेवा क्रमांक टाकत. एलडॅपमध्ये त्या क्रमांकाच्या गुणधर्मावर इंडेक्सच (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नव्हता. प्रत्येक लॉगिनला डिरेक्टरी पहिल्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं चाळत होती. पूर्वी एक सर्व्हर तिच्याकडे एका वेळी ठरावीकच विनंत्या पाठवत होता, बाकीच्या त्याच्याच दारात थांबत. मी दुसरा सर्व्हर जोडला आणि आधीच वाकलेल्या डिरेक्टरीवर दुप्पट विनंत्या एकदम ओतल्या. एलडॅपच्या लॉगमध्ये उत्तर महिनोन्‌महिने छापून येत होतं. 'एम्प्लॉयीनंबर' आणि त्याच्यापुढे 'नॉट इंडेक्स्ड', दर लॉगिनला एक ओळ. मी ती फाईल उघडलीच नव्हती. इंडेक्स घातला तेव्हा दोन सर्व्हर सोडाच, जुना एकटाच पुरून उरला.

म्हणून तुमच्या एलडॅपच्या लॉगमध्ये 'नॉट इंडेक्स्ड' हे शब्द शोधा. लोक ज्याने लॉगिन करतात तो गुणधर्म, ईमेल आणि गट सदस्यत्व, या तिन्हींवर इंडेक्स हवा. डिरेक्टरीच्या सेटिंग्जची मांडणी सीएन-कॉन्फिग या नव्या पद्धतीची असेल तर इंडेक्स चालू यंत्रावर घालता येतो, डिरेक्टरी मागच्या मागे तो बांधून घेते. सेटिंग्जची जुनी स्लॅपडी-कॉन्फ फाईल असेल तर सेवा थांबवून स्लॅपइंडेक्स ही आज्ञा चालवावी लागेल, आणि ते डिरेक्टरीच्या यूजरच्या नावानेच चालवा. रूटच्या नावाने चालवलं तर फायलींची मालकी बदलते आणि सेवा पुन्हा उठत नाही. सोबत कीक्लोकमधले एलडॅप मॅपरही (डिरेक्टरीतली माहिती कीक्लोकात आणणारे नियम) तपासा. गटांचा मॅपर दर लॉगिनला त्या माणसाचे सगळे गट, त्या गटांचे पालक गट, असं खणत बसत असेल तर ज्या गटांची खरंच गरज आहे तेवढ्यांपुरतं गाळण लावा.

एवढं केल्यावर सकाळचा खोळंबा बहुतेक जाईल. मग निवांतपणे दुसऱ्या इन्स्टन्सकडे वळा, आणि हा भाग मात्र घाईने करायचा नाही.

दुसरा इन्स्टन्स म्हणजे दुसरं यंत्र एवढंच डोक्यात असलं की चुका होतात. ओळख सांभाळणाऱ्या प्रणालीत यंत्रं कितीही असोत, स्मरण एकच असावं लागतं. पहिल्या इन्स्टन्सने एखाद्याला आत घेतलं तर दुसऱ्याला ते त्याच क्षणी माहीत हवं. एखाद्याला बाहेर काढलं तर ते त्याहूनही आधी माहीत हवं. पतसंस्थेतल्या एखाद्याला निलंबित केलं, खातं पहिल्या इन्स्टन्सवर बंद केलं, आणि दुसऱ्या इन्स्टन्सच्या कॅशेत (हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतीत) ते अजून चालू आहे, हे होऊ देता कामा नये. क्लस्टरचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या इन्स्टन्सच्या गटाचं, सगळं काम या एका गोष्टीसाठी असतं.

कीक्लोक हे स्मरण इन्फिनीस्पॅन या आतल्या घटकाच्या कॅशेतून वाटून घेतो आणि इन्स्टन्स एकमेकांना जेग्रुप्स या दुसऱ्या घटकाच्या मदतीने शोधतात. जुन्या आवृत्त्यांत हे शोधणं यूडीपी मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कात सगळ्यांना एकदम हाक मारून, चालायचं. आपल्याकडच्या बऱ्याच नेटवर्कांत स्विच किंवा व्हीएमचं जाळं मल्टिकास्ट पुढे जाऊ देत नाही. मग काय होतं? दोन्ही इन्स्टन्स उठतात, दोन्ही हिरवे दिसतात, दोन्हीकडे लॉगिन होतं, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकटेच आहोत. कुठेही लाल अक्षरात काही येत नाही. आठवड्याभराने कुणीतरी तक्रार करतं की 'मध्येच पुन्हा लॉगिन मागतंय' किंवा 'मॅडमनी अधिकार दिले म्हणतात पण मला दिसत नाहीत, पान पाच वेळा रिफ्रेश केलं की एकदा दिसतात'. ही पाचात एकदा दिसण्याची तक्रार आली की समजा, क्लस्टर जुळलेलाच नाही.

२६.१ पासून शोधण्याचं काम मुळातच डेटाबेसातल्या एका टेबलातून होतं. प्रत्येक इन्स्टन्स आपला पत्ता तिथे लिहितो आणि दुसऱ्याचा वाचतो. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर आधी अपग्रेड करा आणि मगच दुसरा इन्स्टन्स लावा. अपग्रेडचं आणखी एक कारण आहे. २६ पासून लॉगिन झालेल्या लोकांची सेशन (लॉगिन चालू असल्याच्या नोंदी) डेटाबेसातही राहतात, त्यामुळे इन्स्टन्स बंद करून उठवला तरी माणसं बाहेर फेकली जात नाहीत. फक्त लक्षात ठेवा, पत्ता डेटाबेसातून मिळाला तरी प्रत्यक्ष बोलणं एकमेकांशी थेट होतं. दोन्ही यंत्रांमध्ये ७८०० आणि ५७८०० हे टीसीपी पोर्ट दोन्ही बाजूंनी उघडे हवेत. आणि हे पोर्ट फक्त त्या दोघांपुरतेच, बाकी कुणालाही नाहीत.

जुळलं की नाही, याचा पुरावा लॉगमध्ये मिळतो. दुसरा इन्स्टन्स उठवताना पहिल्याचा लॉग समोर उघडा ठेवा. 'आयएसपीएन००००९४' या क्रमांकाची ओळ येते, 'रिसीव्ह्ड न्यू क्लस्टर व्ह्यू' म्हणून. त्या ओळीत कंसात सदस्यसंख्या असते आणि पुढे दोन्हींची नावं. तिथे २ दिसला पाहिजे. १ दिसला तर तिथेच थांबा, लोड बॅलन्सरला (विनंत्या इन्स्टन्समध्ये वाटणाऱ्या यंत्रणेला) हात लावू नका, फायरवॉल बघा. ही एक ओळ मी दर वेळी डोळ्यांनी वाचतो, कुणी 'झालंय' म्हणून सांगितलं तरी.

आता डेटाबेस. इथे जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो. कीक्लोकचा प्रत्येक इन्स्टन्स मुळात १०० पर्यंत कनेक्शन उघडू शकतो. पोस्टग्रेसची मुळातली कमाल मर्यादाही १००, आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. एक इन्स्टन्स असेपर्यंत हे निभतं, कारण शंभर कधी लागतच नाहीत. दुसरा आला, त्याच वेळी गर्दी झाली, की पोस्टग्रेस 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून दार लावतो. तेव्हा एकाच इन्स्टन्सवर नव्हे, दोन्हींवर लॉगिन बंद पडतं. म्हणजे बंद पडू नये म्हणून आणलेल्या सर्व्हरमुळेच सगळं बंद. तुमच्या गर्दीला प्रत्येक इन्स्टन्समागे ३० कनेक्शन भरपूर झाली. पूलची किमान, सुरुवातीची आणि कमाल संख्या एकच ठेवा, म्हणजे गर्दीच्या क्षणी नवी कनेक्शन उघडण्यात वेळ जात नाही. दोन इन्स्टन्सची ६०, बॅकअप आणि देखरेखीची पाच-सात, राखीव ३. शंभराच्या आत बसलं. बॅकअपची आणि रिपोर्टची कनेक्शन मोजायला लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

लोड बॅलन्सरबद्दल दोन-तीनच गोष्टी, पण त्या महत्त्वाच्या. लॉगिनच्या मधल्या पायऱ्या, म्हणजे पासवर्ड टाकला आणि अजून ओटीपी टाकायचाय ती अवस्था, एकाच इन्स्टन्सकडे गेल्या तर काम हलकं होतं. त्यासाठी कुकीवर आधारित चिकटपणा ठेवा. कीक्लोकची स्वतःची लॉगिन कुकी असते आणि तिच्यात कोणत्या नोडकडे, म्हणजे इन्स्टन्सकडे, जायचं ते असतंच. हॅप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये ते सहज जमतं. एनजिनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला आयपी-हॅश (नेटवर्क पत्त्यावरून वाटणी) मात्र तुमच्या रचनेत लावू नका. तो आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतो. कारखान्यातली सगळी यंत्रं एकाच नेटवर्कात किंवा एकाच राउटरच्या मागे असतात, त्यामुळे सगळा कारखाना एका इन्स्टन्सवर जातो आणि दुसरा रिकामा बसतो. मग लोक म्हणतात की क्लस्टर करून फरक पडला नाही.

दुसरं, बाहेरून दिसणारं नाव एकच ठेवा. टोकनवर, म्हणजे लॉगिननंतर ॲपला मिळणाऱ्या डिजिटल परवान्यावर, ते कुणी दिलं याचा पत्ता छापलेला असतो. एका इन्स्टन्सने स्वतःचं आतलं नाव छापलं आणि दुसऱ्याने बाहेरचं, तर दूध संकलनाचं ॲप एका टोकनला मानेल आणि दुसऱ्याला परत पाठवेल. होस्टनेम दोन्हीकडे सारखं आणि स्पष्ट लिहून ठेवा. तिसरं, प्रॉक्सीचे हेडर (विनंती मुळात कोणत्या पत्त्यावरून आली ते सांगणाऱ्या ओळी) नीट पुढे येऊ द्या, नाहीतर लॉगमध्ये प्रत्येक लॉगिनपुढे लोड बॅलन्सरचाच पत्ता दिसेल. पतसंस्थेत उद्या काही गैरप्रकार झाला आणि कोणत्या शाखेतून लॉगिन झालं असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

लॉगचा विषय निघालाच आहे तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश पाहून ठेवा. लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळलेली ठेवायची. एका सर्व्हरवर हे सोपं असतं. दोन झाले की अर्धी कथा एका यंत्रावर आणि अर्धी दुसऱ्यावर राहते. लॉग तिसऱ्या ठिकाणी एकत्र जमा करा, दुसरा इन्स्टन्स लावायच्या दिवशीच, नंतर नाही.

घड्याळाचं महत्त्व कायद्यापुरतं नाही. ओटीपी ॲपमधला आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो. दोन इन्स्टन्सच्या घड्याळांत मिनिटाचा फरक पडला तर तोच आकडा एकाकडे बरोबर आणि दुसऱ्याकडे चूक. वापरणाऱ्याला वाटतं आपलंच टाकायला चुकलं. तो तीन-चार वेळा टाकतो आणि खातं लॉक होतं. नवीन व्हीएम उभं केल्यावर क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे आणि योग्य सर्व्हरशी जोडलेलं आहे, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला तिच्याकडे येतो. तिचा लॉगिनशी संबंध नव्हता, खाती तयार करण्याशी होता.

हंगाम सुरू होताना हंगामी कामगारांची यादी पगार विभागाकडून येते. तुमच्याकडेही येत असणार. ती फाईल रात्री कुठेतरी एक स्क्रिप्ट उचलते आणि खाती बनवते किंवा मागच्या वर्षीची पुन्हा चालू करते. बहुतेक ठिकाणी ही स्क्रिप्ट लॉगिनच्या सर्व्हरवरच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) बसवलेली असते, कारण सुरुवातीला एकच सर्व्हर असतो. माझ्या एका कामात दुसरा इन्स्टन्स पहिल्या व्हीएमची नक्कल करून उभा केला होता. नकलेबरोबर क्रॉनही गेला. रात्री २ वाजता दोन्ही यंत्रांनी तीच फाईल उचलली. दोघांनीही 'हे नाव आहे का' असं विचारलं, दोघांनाही 'नाही' असं उत्तर मिळालं, आणि दोघांनीही खातं बनवलं. ज्याला नंतर बनवायला मिळालं त्याने नाव घेतलेलं दिसल्यावर नियमाप्रमाणे पुढे २ जोडला. सकाळी यादीत पाटील आणि पाटील२, जाधव आणि जाधव२. आपल्याकडे एकेका गावात एकाच नावाची चार माणसं असतात, त्यामुळे कुणालाच संशय आला नाही. तीन आठवड्यांनी हजेरी आणि पगार जुळेना तेव्हा कळलं. दोन खात्यांपैकी खरं कोणतं, कुणाची हजेरी कुठे लागली, हे हाताने जुळवायला माणसं बसवावी लागली. हंगामाच्या ऐन भरात. त्या कामगारांचा पगार आमच्या चुकीमुळे लांबला, ते अजून मनातून गेलेलं नाही.

म्हणून नकलेने व्हीएम उभं करू नका, कोऱ्या यंत्रावर नव्याने बसवा. आणि रात्रीची कामं लॉगिनच्या सर्व्हरवरून कायमची काढून वेगळ्या छोट्या यंत्रावर ठेवा. कीक्लोकचं स्वतःचं एलडॅप सिंक क्लस्टरात एकदाच चालतं, पण क्लस्टर जुळलेला असेल तरच. मिडपॉइंटसारखी खाती सांभाळणारी प्रणाली वापरत असाल तर तिथे वेळापत्रक क्वार्ट्झ हा घटक सांभाळतो, डेटाबेसातल्या कुलुपाने एका वेळी एकच नोड काम उचलतो. पण क्वार्ट्झच्या दस्तऐवजात स्पष्ट बजावलंय की नोडची घड्याळं एकमेकांपासून सेकंदाच्या आत हवीत. मिडपॉइंटमध्ये आणखी एक, दोन्ही नोडवर कीस्टोअर (गुप्त किल्ल्यांची) फाईल तीच हवी. वेगळी असली तर एका नोडने कुलूपबंद केलेला पासवर्ड दुसऱ्याला उघडता येत नाही. आणि स्क्रिप्ट कुठेही चालो, सेवा क्रमांकावर डेटाबेसात एकमेवतेचं बंधन घाला. कोड विसरेल, बंधन विसरत नाही.

दुसरा इन्स्टन्स ठेवायचा कुठे, हेही विचारून घ्या. दोन्ही व्हीएम एकाच लोखंडावर असतील तर ते यंत्र गेल्यावर दोन्ही जातात. वेगळ्या होस्टवर हवेत, वेगळ्या यूपीएसवर हवेत. आम्ही कृष्णाकाठचे लोक आहोत, त्यामुळे मजलाही बघावा लागतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा मी पाहिलेल्या एका ठिकाणी सर्व्हर वरच्या मजल्यावर कोरडे होते, पण बॅटऱ्या आणि जनरेटर तळमजल्यावर. चालू यंत्रं हाताने बंद करावी लागली. तुमच्या समूहाचं ऑफिस कराडच्या बाजूला नदीजवळ असेल तर हे आत्ता बघा. मात्र पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये तिसरा इन्स्टन्स ठेवून तो याच क्लस्टरात ओढू नका. लांबची लाइन दोन मिनिटं गेली की क्लस्टर दुभंगतो. तिथे डेटाबेसची प्रत आणि बंद ठेवलेला इन्स्टन्स ठेवा, वेळ आली तर हाताने उठवता येईल. डेटाबेस अजून एकच आहे हेही विसरू नका, दोन कीक्लोक एका पोस्टग्रेसच्या जिवावर उभे असतात. पुढच्या वर्षीचं बजेट तिकडे वळवा, तिसऱ्या इन्स्टन्सकडे नको.

सेशनच्या वेळा एकदा बघून घ्या, त्यानेही सकाळची गर्दी हलते. कीक्लोकमध्ये मुळात काहीच हालचाल नसेल तर सेशन ३० मिनिटांत संपतं आणि कमाल १० तास टिकतं. आठ तासांच्या पाळीला १० तास ठीक आहेत. ऑफिसच्या लोकांसाठी ३० मिनिटांचे दोन तास केले तर जेवणानंतर २ वाजता येणारी दुसरी लाट बरीच ओसरेल. पण वजनकाट्यावरच्या यंत्राला हे लावू नका. तिथे एकाच संगणकावर तीन पाळ्यांची माणसं बसतात. आधीच्या पाळीतला माणूस लॉगआउट न करता गेला तर पुढच्याने केलेली वजनं त्याच्या नावावर पडतात, आणि उसाच्या वजनावरून वाद झाला की भलतीच व्यक्ती अडकते. काट्यासाठी वेगळा क्लायंट (कीक्लोकमधली त्या ॲपची स्वतंत्र नोंद), कमी वेळ, आणि पाळी बदलताना सक्तीचं लॉगआउट.

वेळेचं म्हणाल तर गाळपाआधी हे होईल. पहिला आठवडा थ्रेड डंप, एलडॅपचा लॉग आणि इंडेक्स यांना द्या. दुसऱ्यात अपग्रेड आणि क्रॉन हलवणं. तिसऱ्यात दुसरा इन्स्टन्स, पण लोड बॅलन्सरमधून त्याच्याकडे कुणाला न पाठवता, फक्त क्लस्टर जुळवून दोन दिवस लॉग बघत. मग रविवारी दुपारी दोन्ही चालू असताना स्वतः लॉगिन करा, कोणत्या इन्स्टन्सवर गेलात ते बघा आणि तोच बंद करा. पान रिफ्रेश केल्यावर पुन्हा पासवर्ड मागितला नाही तर स्मरण वाटलं जातंय. नंतर एक चाचणी खातं पहिल्यावर बंद करा आणि दुसऱ्यावर त्याने आत जायचा प्रयत्न करा. तो लगेच अडला पाहिजे. आधी दिलेलं ॲक्सेस टोकन मात्र मुळातल्या मांडणीत ५ मिनिटं जिवंत राहतं, तेवढी सवलत प्रणालीतच आहे. ती पतसंस्थेच्या ॲपला चालणार नसेल तर त्या क्लायंटपुरता वेळ कमी करा.

सकाळच्या डंपमध्ये एलडॅपपाशी उभे असलेले थ्रेड मोजा, 'नॉट इंडेक्स्ड' च्या ओळी मोजा, आणि दोन्ही आकडे इथे लिहा. ते पाहिल्यावर पूलचे आकडे तुमच्यासाठी नेमके किती ठेवायचे ते सांगतो.